‘सोडा’ या शब्दाची चौकशी

सोलापूरच्या बाहेर, ज्वारीची राने संपून खडीच्या खाणी सुरू होतात तिथे मोटारींच्या शर्यतीचा एक ट्रॅक आहे, आणि त्या ट्रॅकच्या सरळ पट्ट्याला समांतर एक रोलर कोस्टर उभा आहे. हे वाक्य मी परगावच्या लोकांसमोर उच्चारते तेव्हा ते मला पुन्हा उच्चारायला लावतात. सोलापूरकर लावत नाहीत. ‘जत्रेतला पाळणा बारमाही केलाय म्हणे,’ एवढीच त्यांची प्रतिक्रिया असते, आणि तिने मला जितके चिडवले आहे तितके कोणत्याही शंकेने चिडवलेले नाही.

कारण तो पाळणा नव्हे. पाळण्याला वर ओढावे लागते. खाली तो आपोआप येतो. आमची गाडी जमिनीवरूनच सुटणारी होती. आत काम करणारे सगळे तिला ‘गाडी’च म्हणत, आणि मीही तोच शब्द वापरते. रुळांच्या कडेला दाबलेल्या हवेच्या टाक्यांची रांग होती. टाक्यांच्या झडपा एकाच क्षणी उघडल्या की हवेचा धक्का गाडीला ढकलणार, आणि शेजारच्या ट्रॅकवरची शर्यतीची मोटार वेग घेईपर्यंत गाडी पहिला चढ चढून गेलेली असणार, अशी रचना होती. परदेशातल्या कुठल्याशा उद्यानासाठी ती बनवली गेली. उद्यान बुडाले, पुढे बनवणारी कंपनीही बुडाली, आणि कधीच न जोडलेले तिचे सुटे भाग एका गोदामात पडून राहिले. तिथून ती आमच्या मालकांनी आणली.

मालकांचे उसाच्या वाहतुकीचे ट्रक होते, पेट्रोलपंप होते, आणि तरुणपणी त्यांना रस्त्यावर मोटारसायकली पळवण्याचा नाद होता. वय झाल्यावर त्या नादावर त्यांनी डांबर घातले आणि त्याचा ट्रॅक झाला. गाडीबद्दल कुणी शंका काढली की ते म्हणत, ‘जुनी नाही ती. न वापरलेली आहे. फरक आहे की दोन्हीत.’ फरक होता, हे खरे. जुन्या यंत्राच्या खोडी कुणाला तरी माहीत असतात.

मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकले. त्यानंतर पुण्यात एका कंपनीत दाबमापके आणि सेन्सर बसवण्याचे आराखडे करत होते. आराखडा माझा असे, सही दुसऱ्याची. मालकांनी मुलाखतीत गाडीची तांत्रिक बाजू फार सांगितली नाही, ती त्यांना माहीत नव्हती. पण एक वाक्य त्यांनी अचूक उच्चारले. ‘सुरक्षेच्या दाखल्यावर सही तुमची.’ तेवढ्यावर मी सोलापूरला परतले. इतक्या वेगाची गाडी माझ्या सहीने सुरू व्हावी आणि त्या सहीच्या जोरावर पुढची मोठी कामे मिळावीत, ही माझी इच्छा मी कधी लपवली नाही. पुढे जे काही घडले त्यात माझ्याकडून पणाला लागलेले हेच होते.

आई शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात तपासणीला आहे. मी सामान घेऊन घरी आले तेव्हा ती म्हणाली, ‘लोकांच्या पोरी पुण्याहून लग्नाला परत येतात. तू पाळण्याला आलीस.’

मी म्हणाले, ‘तो पाळणा नव्हे.’

‘बरं,’ आई म्हणाली, ‘पण लोक त्याला पाळणाच म्हणणार.’

पहिले भांडण उन्हाशी झाले. गाडी थंड देशाच्या हवामानासाठी बनवलेली. सकाळी टाक्या भरल्या की दुपारचे ऊन त्यांतला दाब आपल्या मर्जीने वाढवी, आणि संगणक सगळी यंत्रणा बंद करून टाकत असे. बंद भांड्यातली हवा तापली की दाब वाढतो, हे शाळेत शिकवलेले विज्ञान मी मालकांना वेगवेगळ्या प्रकारांनी समजावले. ते दर वेळी मान डोलावत आणि म्हणत, ‘मग हवा जरा कमी भरा की, मॅडम.’ कमी भरली तर गाडी चढ चढणार नाही, असे सांगितले की म्हणत, ‘मग जास्त भरा.’ शेवटी टाक्यांवर पत्रे घातले. पत्रे तापले. मग पत्र्यांवर उसाचे पाचट पसरले आणि त्याने खरोखरच फरक पडला. पण पाचटाचा भुसा उडून हवेच्या फिल्टरमध्ये जाऊ लागला. मी फिल्टरवर जाळी बसवली. जाळीत काळ्या मातीची धूळ बसू लागली. यांतली एकही अडचण असाध्य नव्हती, आणि माझी चिडचिड नेमकी त्याचीच होती. असाध्य गोष्टीपुढे माणूस शांत होतो. साध्य गोष्ट रोज थोडीशी निसटली की तो शांत राहू शकत नाही.

नियंत्रण कक्षात बसून गाडी सोडण्याचे काम ज्याच्याकडे होते तो चालक सांगोल्याकडचा. घरची मेंढरे त्याचा भाऊ सांभाळत असे. याने आयटीआय केले आणि तो शहरात आला. वयाने माझ्याएवढा, कमी बोलणारा, आणि सांगितलेले जसेच्या तसे करणारा. ब्रेकचे काम पाहणारा फिटर सोलापूरच्याच विणकर घरातला होता. घरी तेलुगू बोले, आमच्यात मराठी बोले, आणि दोन्हीकडे थट्टाच करी.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत गाडी सोडण्याच्या आज्ञेला ‘डिस्पॅच’ हा शब्द होता. मी पहिल्याच बैठकीत सांगितले, वॉकीटॉकीवर हाच शब्द वापरायचा, दुसरा कोणताही नाही.

‘डिस्पॅच म्हटलं की पार्सल वाटतंय, मॅडम,’ चालक म्हणाला.

‘पार्सलच आहे की ते,’ फिटर म्हणाला. ‘फक्त पत्ता कुणाला माहीत नाही.’

आठवडाभर माझ्यासमोर सगळे ‘डिस्पॅच’ म्हणत राहिले. त्यानंतर मी पाठ वळवली की ‘सोडू का?’ आणि ‘सोडा’ सुरू झाले. मग समोरही सुरू झाले. मी हरकत घेतली. नियमांचा कागद कक्षात चिकटवला. शेवटी मालकांकडे गेले तर ते गंभीर होऊन म्हणाले, ‘मॅडम, मराठी माणसं आहेत. मराठी बोलू द्या की.’ सुरक्षेचा मुद्दा भाषेच्या अस्मितेपाशी आला की महाराष्ट्रात तो तिथेच संपतो.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. गाडी रोज चालू लागली की संगणक सगळे पाहतो; दाब जुळत नसेल, ब्रेक खाली असतील, तर बटण दाबूनही गाडी सुटत नाही. चाचणीच्या काळात मात्र यांतली काही बंधने आपणच काढून ठेवतो, कारण यंत्र कुठे चुकते तेच पाहायचे असते. त्या काळात माणसाने उच्चारलेला शब्द हेच एकमेव कुलूप असते.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी सुरू करायचे मालकांनी जाहीर केले होते, आणि त्याआधी सरकारी तपासणी व्हायची होती. त्या तपासणीपूर्वीच्या एका मोठ्या चाचणीची ही हकिगत. ऊन तापायच्या आत, सकाळी, गाडीत माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून पूर्ण वेगाने फेरी घ्यायची असे ठरले होते. मी टाक्यांपाशी उभी होते. चालक कक्षात होता. फिटर ब्रेकच्या पट्ट्या खाली घेऊन त्यांची तपासणी करत होता. आणि प्रेक्षकांच्या सज्जात मालक होते, श्रीपूरकडचे आपले पाहुणे घेऊन. त्यांनी स्वतःसाठीही एक वॉकीटॉकी घेतला होता. मी विरोध केला होता. त्यांनी माझे पूर्ण ऐकून घेतले आणि तो कमरेला लावला.

शेवटच्या दोन टाक्यांचे आकडे जुळत नव्हते. मी वॉकीटॉकीवर म्हणाले, ‘थांबा. शेवटच्या दोन टाक्यांत फरक येतोय. झडप पुन्हा तपासते.’

मालकांचा आवाज आला. ‘किती तपासायचं ते. पाहुणे खोळंबलेत. सोडा हो मॅडम, सोडा आता.’

म्हणजे, तपासणीचा नाद सोडा. मला ते लगेच समजले आणि मी उत्तर द्यायला बटण दाबले. पण कॉम्प्रेसरच्या घरघरीत माझे ‘थांबा’ बुडाले होते आणि चालकापर्यंत मालकांच्या वाक्याचे शेपूट तेवढे पोहोचले होते. ‘सोडा आता.’

‘सोडतो,’ चालक म्हणाला, आणि त्याने गाडी सोडली.

फिटर त्या क्षणी रुळांवरून उतरून कडेला आला होता. त्याची पान्यांची पिशवी रुळांवर होती. गाडी ती चिरडून माझ्या शेजारून गेली. इतक्या महिन्यांनी मला जे पाहायचे होते ते मी पाहत होते, आणि त्याच वेळी तिचा वेग कमी आहे हेही मला आवाजावरून कळत होते. ती चढ चढली, माथ्याच्या जरा अलीकडे थांबली, आणि मागे येऊ लागली. मागे येणाऱ्या गाडीला अडवण्यासाठी ब्रेकच्या पट्ट्या वर असाव्या लागतात. त्या खाली होत्या. ती आली त्याच वाटेने परतली आणि फलाटाच्या टोकाला गाडी अडवायला उभारलेल्या ठोकळ्यावर आदळली. पोती फुटली. वाळू उडून सज्जापर्यंत गेली आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर बसली.

कुणाला काही झाले नाही. हे वाक्य आमच्या कौशल्यामुळे खरे ठरले नव्हते. फिटर कडेच्या खडीवर बसून राहिला. थट्टा करणारा माणूस थट्टा करत नाही तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही.

मालक धावत खाली आले. ‘कुणी सांगितलं सोडायला?’

चालक कक्षाच्या दारात उभा होता. ‘तुमीच की, मालक.’

‘मी? मी मॅडमना म्हटलं सोडा.’

‘सोडा म्हनला, म्हनून सोडली.’

‘अरे, सोडा म्हणजे सोडा. सोडून द्या असं.’

‘व्हय. दिली की सोडून.’

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसले. मला त्या हसण्याचा राग आला, आणि पुढच्याच क्षणी मलाही हसू येते आहे हे जाणवून अधिक राग आला.

चौकशी विमा कंपनीच्या माणसाने केली. सभ्य गृहस्थ होते. गाडी न पाहता आधी चहा घेतला. त्यांचे म्हणणे सरळ होते. अहवालात ‘चालकाची चूक’ असे कारण द्यावे. चूक माणसाची असली की यंत्रणा निर्दोष राहते, दुरुस्ती लवकर मंजूर होते आणि सरकारी तपासणी ठरल्याप्रमाणे होते. कारण यंत्रणेत किंवा कामाच्या पद्धतीत दाखवले, तर सगळे पहिल्यापासून. अहवालावर सही माझी लागणार होती.

‘दोन शब्द आहेत, मॅडम,’ मालक म्हणाले. ‘दोन शब्दांत दिवाळीला गाडी सुरू.’

मला ते दोन शब्द लिहावेसे वाटले. मला गाडी सुरू व्हायला हवी होती, आम्हा तिघांत सर्वांत जास्त मलाच. पण मी हिशेब मांडला. चालक बदलला, तर त्याच्या जागी येणारा नवा माणूसही मराठीच असणार. तोही ‘सोडा’ ऐकणार, आणि तेव्हा गाडीत वाळूच्या जागी लोक असू शकतील. कारण चुकीचे लिहिले की उपायही चुकीचाच होतो. हा नीतीचा प्रश्न आहे असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. तो निदानाचा प्रश्न आहे. ताप पाहून पायाला पट्टी बांधणाऱ्याला आपण अप्रामाणिक म्हणत नाही. त्याला काम येत नाही असे म्हणतो.

तरी चालकाशी बोलल्याशिवाय लिहू नये म्हणून मी त्याला पत्र्याच्या शेडखाली गाठले. त्याची बाजू घेणारे एक चांगले भाषण मी मनात तयार केले होते.

‘लिवा की, मॅडम,’ मी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला. ‘मालक मला पंपावर घ्यायलेत. तितं सावली हाय. आन् हवा भरायची ती बी टायरमदी.’

‘पण चूक तुमची नव्हती.’

‘न्हवती. पर कुनाची तरी लागतीया न्हवं कागदाला.’

‘पुढे कुठे काम मागायला गेलात तर हे नाव मागे लागेल तुमच्या.’

‘कुटं जानार हाय मी? दुसरा असला पाळना हाय का कुटं?’

तोही पाळणाच म्हणाला. माझे भाषण तिथेच राहिले. ज्याच्यावर अन्याय होणार तो राजी, जो अन्याय करणार तो दयाळू, आणि मधल्या विमेवाल्याला वेळेत घरी जायचे होते. सत्याची गरज फक्त यंत्राला होती, आणि यंत्राच्या वतीने बोलणारी मी एकटीच होते.

घरी आईला सगळे सांगितले. ती गणवेशाचा एक बाही उसवलेला शर्ट उलटा करून पाहत होती.

‘आमच्याकडं शिवण बिघडली की बाईचं नाव लिहितात,’ ती म्हणाली. ‘मशीनचं नाही लिहीत.’

‘का?’

‘मशीनला बोलावून झापता येत नाही ना.’

मी विचारले, ‘आणि मशीनच बिघडलेलं असलं तर?’

‘तर दुसरी बाई बसवतात. तिचीही शिवण बिघडते. मग म्हणतात, हल्ली बायकाच नीट मिळत नाहीत.’

लिहिण्याआधी मी एक शेवटचा प्रयत्न केला. आज्ञेसाठी दुसरा शब्द सापडला, निव्वळ शब्द, तर पद्धतीत बदल न करताही काम भागण्याची शक्यता होती. मी सगळ्यांना कक्षात बसवले आणि विचारले, असा शब्द सांगा ज्याला गाडी सोडण्याशिवाय दुसरा अर्थच नाही.

‘चला,’ कुणीतरी म्हणाले. पण ‘चला’ तर दिवसभर जेवायला, चहाला, घरी जायला चालतो. ‘जाऊ दे’ हा ‘सोडा’चाच सख्खा भाऊ. चालकाने ‘हाण’ सुचवला. सज्जात बसलेल्यांना तो ऐकू गेला तर काय, यावर बराच वेळ हशा झाला. मग फिटर म्हणाला, तेलुगू घ्या, मालकांना येत नाही, तेच सुरक्षित. गाडी सोडायला तेलुगूत काय म्हणतात, मी विचारले. ‘वदिलेय्,’ तो म्हणाला. आणि नाद सोडा म्हणायला? त्याने स्वतःशीच म्हणून पाहिले. ‘तेही वदिलेय्च.’ इलेक्ट्रिशियन अक्कलकोटकडचा होता. त्याने अभिमानाने कानडीतले ‘बिडरी’ पुढे केले आणि स्वतःच मान हलवून मागे घेतले; भांडण मिटवायला त्याची आई दिवसातून अनेकदा हेच म्हणत असे. कॉम्प्रेसर पाहणारे चाचा दाराशी उभे होते. ‘छोड दो बोलनेका भी वहीच झगडा है बेटा,’ ते म्हणाले.

सोलापुरात कानावर येणाऱ्या चारही भाषांत दोर सोडणे आणि विषय सोडणे यांना एकच क्रियापद आहे. पुस्तिका लिहिणाऱ्या परदेशी माणसाच्या हे ध्यानात येणे शक्य नव्हते. माझ्या ध्यानात यायला हवे होते असे कुणी म्हणेल. मी ‘डिस्पॅच’साठी भांडले होते, एवढेच त्यावर माझे उत्तर आहे.

तेव्हा मी ठरवले की तोंडी आज्ञाच नको. टाक्यांपाशी एक किल्ली, कक्षात एक किल्ली. दोन्ही एकदम फिरवल्या, आणि दाब व ब्रेक जुळलेले असले, तरच झडपा उघडतील. चाचणीतही. अहवालात मी कारणे लिहिली: दोन अर्थांचा शब्द, बंधने काढलेली असताना केवळ शब्दावर ठेवलेला भरवसा, आणि सज्जातून आलेले बोलणे.

मालकांनी तो माझ्यासमोर वाचला. ‘यात माझं नाव कशाला?’

‘तुमचं नाव नाही, मालक. ‘प्रेक्षक सज्जातून’ असं लिहिलंय.’

‘सज्जात वॉकीटॉकी कुणाकडं होता दुसऱ्या?’

‘कुणाकडेच नाही.’

‘मग झालं की नाव.’ पण त्यांनी अहवाल अडवला नाही. हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ‘तुमची सही म्हटलं होतं,’ ते म्हणाले. ‘करा.’

माझा अंदाज असा होता की दिवाळी चुकेल, नाताळ साधेल. किल्ल्यांची यंत्रणा बसवायला फार वेळ लागणार नव्हता, आणि लागलाही नाही. मी विचारात घेतलेली नव्हती ती गोष्ट वेगळीच होती. सरकारी कार्यालयातून उत्तर आले की मूळ रचनेत बदल केला असल्यामुळे त्या बदलाला मूळ उत्पादकाची लेखी मान्यता जोडावी. मूळ उत्पादक बुडालेला होता. मी तसे कळवले. मग उत्पादक अस्तित्वात नसल्याचे प्रमाणपत्र जोडावे, असे उत्तर आले. ते कोण देणार, असे विचारले. उत्पादकाने द्यावे, असे फोनवर एका बाईंनी मला समजावून सांगितले. स्वर अगदी प्रेमळ होता. मी मुंबईला गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझी आकडेमोड वाचली, ती बिनचूक असल्याचे सांगितले आणि म्हणाले, ‘तुम्ही ती ‘चालकाची चूक’ दाखवली असती तर बरं झालं असतं. बदल करायची वेळच आली नसती.’

मला त्यांच्यावर ओरडता आले नाही. ते बरोबर बोलत होते. धोकादायक पण जुनी रचना नियमात बसत होती. सुरक्षित पण नवी रचना बसत नव्हती.

चालकाने मला बरेच दिवस माफ केले नाही. अहवालाने तो निर्दोष ठरला, आणि निर्दोष माणसाला पंपावर पाठवायचे कारण उरले नाही. ‘तुमच्यामुळं उन्हात हाय मी,’ तो येता-जाता म्हणे.

उन्हाळा पुन्हा यायच्या आधी, एका थंड सकाळी, आम्ही पूर्ण वेगाची चाचणी घेतली. परवानगी चाचणीपुरती होती. गाडीत पोतीच होती. टाक्यांपाशी मी, कक्षात चालक. कुणी काही बोलले नाही. दोन्ही किल्ल्या फिरल्या, हवेचा एक आवाज झाला, आणि गाडी माझ्यासमोरून गेली ती दिसलीच नाही म्हणावी अशी. ती चढ चढली, माथा ओलांडला, वळणे घेतली आणि फलाटावर येऊन जिथे थांबायची होती तिथे थांबली. मी आकडे पाहिले. दाब, वेग, ब्रेक, सगळे गणिताप्रमाणे. तशीच आणखी एक फेरी घेतली. तशीच झाली. फिटरने पोत्यांवरची धूळ झटकली आणि त्यांना विचारले, ‘कसं वाटलं, पार्सल?’ मालक सज्जात एकटेच होते, वॉकीटॉकीशिवाय. ते खाली आले आणि रुळांवर हात ठेवून उभे राहिले.

‘चालते की हो,’ ते म्हणाले.

‘चालतेच, मालक.’

‘मग लोकांना बसवू या?’

‘बसवता येणार नाही.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘विचारून बघितलं.’

गाडी नापास झाली असती तर माझा मार्ग सोपा होता. दोष शोधायचा, दूर करायचा. उत्तीर्ण झालेल्या यंत्राचे काय करायचे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. मान्यतेच्या पत्रव्यवहाराला अजून उत्तर नाही. दाखल्याचा कागद कोराच आहे, आणि ज्या सहीसाठी मी आले ती त्यावर झालेली नाही. मालकांनी टाक्या रिकाम्या करायला सांगितल्या आणि मला ट्रॅकवरच्या छोट्या गो-कार्ट गाड्यांच्या देखभालीचे काम देऊ केले. मी ते तात्पुरते स्वीकारले आहे. दुसरीकडे अर्ज केले आहेत. मुलाखतींत विचारतात, तुमच्या देखरेखीखाली सुरू झालेला प्रकल्प कोणता, आणि मी पूर्ण झालेल्या प्रकल्पाविषयी बोलू लागते. तो सुरू नाही असे कळले की समोरचा माणूस सौजन्याने पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

मागच्या रविवारी गो-कार्टच्या रांगेपासून फलाटाकडे गेले तर तिथे नवा फलक लावलेला होता: ‘तांत्रिक कारणास्तव बंद.’ मी तशीच मालकांच्या खोलीत गेले.

‘हे खोटं आहे,’ मी म्हणाले. ‘तांत्रिक कारण एकही नाही. तांत्रिक बाजू तेवढी सगळी बरोबर आहे.’

‘सगळीकडं हेच लिहितात, मॅडम.’

‘सगळीकडे तांत्रिक बिघाड असेल. इथे नाही. लोक वाचणार आणि म्हणणार, त्या बाईला जमलं नाही.’

त्यांनी कागद आणि पेन पुढे केले. ‘मग तुम्हीच सांगा काय लिहायचं. एका ओळीत बसेल असं.’

मी पेन घेतले. ‘चालू आहे, परवानगी नाही’ असे लिहून पाहिले. ते वाचून कुणीही कुंपणावरून चढून आत गेला असता. ‘मूळ उत्पादकाच्या मान्यतेअभावी’ असे सुरू केले तर ओळ फलकावर मावणार नव्हती. बाहेर गो-कार्टचा आवाज चालू होता आणि रांगेतले कुणीतरी माझ्या नावाने ओरडत होते की तीन नंबरची गाडी सुरू होत नाही. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, पेन त्यावर ठेवले, आणि तीन नंबरच्या गाडीकडे गेले. तिच्या इंधनाच्या नळीत कचरा होता. काढल्यावर ती लगेच चालू झाली.